‘अँड’च्या उजवीकडे काय आहे? सेंटेन्स करेक्शनमधली समांतर रचना आणि उपवाक्यं

सेंटेन्स करेक्शन म्हणजे दिलेल्या इंग्रजी वाक्यातली चूक ओळखून योग्य पर्याय निवडायचा प्रश्न. आधी दोन वाक्यं वाचा आणि त्यातलं कोणतं चुकलंय ते ठरवा.

द मॅनेजर आस्क्ड हर टीम टू रिव्ह्यू द ड्राफ्ट, चेक द फिगर्स, अँड दॅट दे शुड सेंड इट बाय नून.

द स्टॉर्म टोअर डाउन ट्रीज अँड ब्लॉक्ड द रोड, लीव्हिंग द टाउन विदाउट पॉवर फॉर टू डेज.

पहिलं चुकलंय हे बहुतेकांच्या लगेच लक्षात येतं. गंमत दुसऱ्यात आहे. ‘टोअर’ भूतकाळी, ‘ब्लॉक्ड’ भूतकाळी, मग ‘लीव्हिंग’ मध्येच कुठून आलं, ‘लेफ्ट’ हवं, असं म्हणून भले भले लोक एक धडधाकट वाक्य मोडून ठेवतात. मीही बरेच दिवस असल्या ‘लीव्हिंग’वर काट मारत होतो आणि उत्तरतालिका चुकली असेल अशी स्वतःची समजूत घालत होतो.

यात दोष नियमाचा नाही, नियम अर्धाच शिकल्याचा आहे. यादीतल्या सगळ्या गोष्टी एकाच प्रकारच्या हव्यात (हीच समांतर रचना), हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो: मुळात यादीत कोण कोण आहे? दुसऱ्या वाक्यात ‘लीव्हिंग’ यादीत नाहीच. यादी ‘टोअर’ आणि ‘ब्लॉक्ड’ या दोघांची आहे आणि ती ‘रोड’पाशी संपते. स्वल्पविरामानंतरचा तुकडा त्या सगळ्या प्रकाराचा परिणाम सांगतो. वादळाने तीन कामं केली, असं हे वाक्य म्हणत नाही. दोन कामं केली आणि त्यामुळे गाव अंधारात गेलं, असं म्हणतं.

यादीत कोण आहे हे कळायला उपवाक्यं, म्हणजे क्लॉज, ओळखता यावे लागतात. म्हणून समांतर रचना आणि उपवाक्यं हे दोन धडे वेगवेगळे शिकू नका. इंग्रजी उदाहरणं इथे देवनागरीतच दिली आहेत. ती नेहमीसारखी नजरेखालून सरकत नाहीत, थांबून वाचावी लागतात. तेच हवंय.

कुठल्या परीक्षेसाठी?

जीमॅटमध्ये, म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेत, सेंटेन्स करेक्शन हा वर्षानुवर्षं मोठा भाग होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं, त्यातून तो वगळला गेला आणि जानेवारी २०२४ अखेर जुनी परीक्षाच बंद झाली. तरी जीमॅटचे जुने प्रश्न सरावासाठी ठेवून द्या. समांतर रचनेवर इतके कसून घडवलेले प्रश्न दुसरीकडे क्वचित सापडतात. अमेरिकी कॉलेजांत प्रवेशासाठीच्या डिजिटल एसएटी परीक्षेमध्ये वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत सोडवायचे असतात आणि त्यातले साधारण एक चतुर्थांश व्याकरणाच्या संकेतांवर असतात. तिथे वाक्यात गाळलेली जागा आणि चार पर्याय अशी मांडणी असते. भरती परीक्षांमध्ये वाक्याचा एक भाग अधोरेखित करून ‘नो इम्प्रूव्हमेंट’ हाही पर्याय देतात. मांडणी कोणतीही असो, खालची पद्धत सगळीकडे चालते.

पहिली पायरी: खरी क्रियापदं शोधा

वाक्य हातात आलं की पर्यायांकडे पाहू नका. आधी वाक्यातली खरी क्रियापदं शोधा. खरी म्हणजे कर्ता आणि काळ या दोन्हींशी बांधलेली. ‘इंग’ लागलेला शब्द एकटा असेल, मागे ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज बीन’ असं काही नसेल, तर तो क्रियापद नाही. ‘टू’ लागलेलं रूपही नाही. फसवतात ती ‘रिटन’, ‘सोल्ड’, ‘डिझाइन्ड’ यांसारखी रूपं. ती कधी क्रियापद असतात, कधी नुसतं विशेषण.

यावर एक सोपी चाचणी आहे. वाक्याचा काळ बदलून पाहा.

द लेटर्स रिटन बाय द क्वीन वेअर सोल्ड लास्ट इयर.

‘लास्ट इयर’च्या जागी ‘नेक्स्ट इयर’ ठेवा. ‘वेअर सोल्ड’चं ‘विल बी सोल्ड’ करावं लागतं, ‘रिटन’ मात्र जागचं हलत नाही. हललं ते क्रियापद. ‘रिटन बाय द क्वीन’ म्हणजे ‘राणीने लिहिलेली’, पत्रांचं विशेषण. मराठीतही ‘लिहिलेली’ आणि ‘लिहिली’ यांत आपण गोंधळत नाही. इंग्रजीत दोन्हींचं काम अनेकदा एकच रूप करतं, एवढाच घोटाळा.

दुसरी पायरी: जोड्या आणि दुवे मोजा

प्रत्येक खऱ्या क्रियापदाचा कर्ता शोधला की कर्ता-क्रियापदाच्या जोड्या हातात येतात. एक जोडी म्हणजे एक उपवाक्य. दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणारा एक दुवा हवा, तीन असतील तर दोन. दुवा म्हणजे ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘ऑलदो’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘दॅट’, ‘विच’, ‘हू’ यांपैकी काहीतरी, किंवा अर्धविराम.

द बुक दॅट शी रोट इन २०१० वॉज आउट ऑफ प्रिंट व्हेन आय लुक्ड फॉर इट.

क्रियापदं तीन: ‘रोट’, ‘वॉज’, ‘लुक्ड’. दुवे दोन: ‘दॅट’ आणि ‘व्हेन’. हिशेब जुळला. ‘द बुक शी रोट’ असं लिहिलं तरी चालतं, तिथे ‘दॅट’ गाळलेला पण हजर धरायचा. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ कधी कधी दुहेरी काम करतात, दुवाही तेच आणि कर्ताही तेच. ‘द मॅन हू कॉल्ड’मध्ये ‘कॉल्ड’चा वेगळा कर्ता शोधत बसू नका.

आता आपल्या मायबोलीच्या सवयी. मराठीत गौण वाक्य आणि मुख्य वाक्य दोन्हीकडे खूण लागते: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो, जर–तर. इंग्रजीत बहुतेक वेळा एकाच बाजूला लागते. म्हणून आपल्या कानाला हे वाक्य अजिबात खटकत नाही:

ऑलदो द रिपोर्ट वॉज लेट, बट द कमिटी अ‍ॅक्सेप्टेड इट.

जोड्या दोन आणि दुवेही दोन, म्हणजे एक जास्त. ‘बट’ काढा किंवा ‘ऑलदो’ काढा. जो–तो असाच पाय अडकवतो: ‘द इंजिनिअर हू डिझाइन्ड द डॅम, शी लेटर रोट अबाउट इट.’ ‘जिने धरण आखलं, तिने पुढे त्यावर लिहिलं’ हे मराठीत उत्तम, पण इंग्रजीत ‘शी’ फालतू. ‘द इंजिनिअर’ हाच ‘रोट’चा कर्ता आहे.

उलट चूक दुवा नसण्याची. ‘द रिपोर्ट वॉज लेट, द कमिटी अ‍ॅक्सेप्टेड इट.’ नुसत्या स्वल्पविरामाला दोन स्वतंत्र वाक्यं पेलत नाहीत. आणि ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’ हे दुवे नव्हेत. दिसतात तसे, पण ती क्रियाविशेषणं आहेत. ‘द रिपोर्ट वॉज लेट, हाउएव्हर, द कमिटी अ‍ॅक्सेप्टेड इट’ हे म्हणून चूक, ‘लेट’नंतर अर्धविराम हवा. एसएटीत हा सापळा हटकून भेटतो.

तिसरा प्रकार, मुख्य क्रियापदच नसणं, लांबलचक वाक्यात लपतो. ‘द रिपोर्ट, विच द कमिटी हॅड रिक्वेस्टेड इन मार्च अँड विच अराइव्हड इन जून.’ क्रियापदं दोन आहेत, पण दोन्ही ‘विच’च्या पोटात. अहवालाचं पुढे काय झालं, ते वाक्य सांगतच नाही.

तिसरी पायरी: ‘अँड’च्या उजवीकडून सुरुवात

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

‘अँड’, ‘ऑर’ किंवा ‘बट’ दिसला की बहुतेक जण डावीकडून यादी वाचत येतात. डावीकडे मात्र बरंच काही असतं, त्यातलं यादीत काय आणि बाहेर काय ते कळत नाही. उजवीकडे एकच गोष्ट असते आणि ती नक्की यादीत असते. म्हणून आधी उजवा शब्द पाहा. तो नाम आहे, ‘टू’चं रूप आहे, काळाला बांधलेलं क्रियापद आहे की ‘दॅट’ने सुरू होणारं उपवाक्य? प्रकार ठरला की डावीकडे त्याचा जोडीदार शोधत जा.

जोडीदार सापडले की प्रत्येकाला एकेकटं टांगून पाहा. यादीच्या आधीचा जो सामाईक भाग असतो त्याला मी खुंटी म्हणतो. मघाच्या वाक्यात खुंटी आहे ‘द मॅनेजर आस्क्ड हर टीम टू’. तिच्यावर ‘रिव्ह्यू द ड्राफ्ट’ नीट बसतं, ‘चेक द फिगर्स’ बसतं, ‘दॅट दे शुड सेंड इट’ खाली पडतं. ‘सेंड इट बाय नून’ केलं की काम झालं.

‘टू’ खुंटीत धरायचा की प्रत्येक घटकात, हे मात्र एकदा ठरवून पाळायचं. ‘टू रिव्ह्यू, चेक, अँड सेंड’ बरोबर, ‘टू रिव्ह्यू, टू चेक, अँड टू सेंड’ही बरोबर. ‘टू रिव्ह्यू, चेक, अँड टू सेंड’ ही खिचडी झाली. ‘इन’, ‘फॉर’, ‘बाय’ या शब्दांना हेच लागू.

खुंटी वापरताना काय जुळायला हवं आणि काय नाही, हे पक्कं करून घ्या. नसत्या गोष्टी जुळवायला गेल्यानेही तितकेच गुण जातात. जुळायला हवा प्रकार: नामाशी नाम, ‘टू’-रूपाशी ‘टू’-रूप, उपवाक्याशी उपवाक्य. काळ जुळायलाच हवा असं नाही. ‘शी लिव्हड इन द हिल्स फॉर टेन इयर्स अँड नाउ वर्क्स ऑन द कोस्ट’ हे निर्दोष आहे, कारण दहा वर्षं तेव्हाची आणि काम आत्ताचं. कर्तरी-कर्मणीही जुळावं लागत नाही: ‘द ड्राफ्ट वॉज रिजेक्टेड बाय द बोर्ड बट लेटर बिकेम द बेसिस ऑफ द अ‍ॅग्रीमेंट.’ आणि ‘द रूम वॉज डार्क, क्राउडेड, अँड फिल्ड विथ स्मोक’ यात तीन घटक दिसायला वेगळे असले तरी तिघांचं काम एकच, खोलीचं वर्णन. ‘द रूम वॉज’ या खुंटीवर तिन्ही बसतात.

‘इंग’-रूप नामासारखं वापरलं असेल तर मात्र जपून. ‘द ट्रीटी रिक्वायर्ड द विथड्रॉअल ऑफ ट्रूप्स अँड रिलीजिंग प्रिझनर्स’ हे कानाला चालून जातं, पण परीक्षकाला चालत नाही. डावीकडे ‘द… ऑफ…’ असं भरभक्कम नाम आहे, उजवीकडे अर्धवट क्रियापद. ‘द रिलीज ऑफ प्रिझनर्स’ हवं. भाषेत ‘रिलीज’सारखं तयार नाम असताना ‘इंग’ ओढून आणू नये, हा परीक्षकांचा कल आहे.

चौथी पायरी: यादीत यादी

खरी कठीण वाक्यं इथली. हे पाहा:

द लॉ बॅन्स प्लास्टिक बॅग्ज, प्लास्टिक स्ट्रॉज, अँड फाइन्स शॉप्स दॅट सेल देम.

तीन गोष्टी, दोन स्वल्पविराम, एक ‘अँड’. वरवर अगदी आदर्श यादी. आता उजवीकडून या. ‘फाइन्स’ म्हणजे दंड हे नाम, असं वाटेल. पण पुढे ‘शॉप्स’ आहे, म्हणजे दुकानांना दंड करतो, क्रियापद. त्याचा जोडीदार डावीकडे शोधा: ‘बॅग्ज’ नाही, ‘स्ट्रॉज’ नाही, थेट ‘बॅन्स’. म्हणजे मोठी यादी दोघांचीच: बंदी घालतो आणि दंड करतो. मग पिशव्या आणि नळ्या ही ‘बॅन्स’च्या पोटातली छोटी यादी, आणि तिला स्वतःचा ‘अँड’ नाही. उत्तर: ‘द लॉ बॅन्स प्लास्टिक बॅग्ज अँड प्लास्टिक स्ट्रॉज अँड फाइन्स शॉप्स दॅट सेल देम.’ दोन ‘अँड’ जवळजवळ आले म्हणून कानाला टोचतं, पण बरोबर तेच आहे.

नियम असा लक्षात ठेवा की प्रत्येक यादीला तिचा स्वतःचा ‘अँड’ लागतो. शेजारच्या यादीचा उसना चालत नाही. ‘द म्युझियम बॉट द हाउस, रिस्टोअर्ड इट्स रूफ अँड गार्डन, अँड ओपन्ड इट टू द पब्लिक’ यात छप्पर आणि बाग यांचा ‘अँड’ वेगळा, तीन क्रियापदांचा वेगळा.

आणि स्वल्पविरामानंतर ‘इंग’ आला की आधी विचारा, हा यादीत आहे की परिणाम सांगतोय? त्याच्या आधी ‘अँड’ असेल तर यादीत. ‘टोअर डाउन ट्रीज, ब्लॉक्ड द रोड, अँड लीव्हिंग’ हे म्हणून चूक. ‘अँड’ नसेल आणि अर्थ ‘त्यामुळे’ किंवा ‘असं करत’ लागत असेल, तर त्याला हात लावू नका.

‘दॅट’ची पुनरुक्ती

उपवाक्यांची यादी असते तेव्हा दुसऱ्या उपवाक्याआधीचा ‘दॅट’ शैलीसाठी नसतो, अर्थासाठी असतो.

द अ‍ॅनालिस्ट क्लेम्ड दॅट प्राइसेस हॅड फॉलन अँड डिमांड वुड राइज.

मागणी वाढेल, हे विश्लेषकाचं म्हणणं की लेखकाचं? ‘अँड दॅट डिमांड वुड राइज’ केलं की दोन्ही दावे त्याच्याच नावावर जमा होतात. रोजच्या इंग्रजीत दुसरा ‘दॅट’ गाळतात आणि कोणी अडवत नाही. परीक्षेत मात्र दोन पर्यायांत फरक फक्त त्याचाच असेल आणि अर्थ तोच ठेवायचा असेल, तर ‘दॅट’ असलेला पर्याय घ्या.

संबंधदर्शक उपवाक्यांत मिसळ नको. ‘अ प्लॅन दॅट वुड सेव्ह मनी अँड विच वुड क्रिएट जॉब्स’ चूक; दोन्हीकडे ‘दॅट’ ठेवा, नाहीतर एकाच ‘दॅट’च्या खुंटीवर ‘वुड सेव्ह मनी अँड क्रिएट जॉब्स’ टांगा. ‘अँड विच’ किंवा ‘अँड हू’ दिसलं की डावीकडे त्याचा जुळा ‘विच’ किंवा ‘हू’ आहे का पाहा. ‘अ लीडर ऑफ ग्रेट करेज अँड हू नेव्हर लाइड’ यात तो नाही.

जोडगोळ्या

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’, ‘बोथ… अँड’, ‘आयदर… ऑर’, ‘नायदर… नॉर’, ‘व्हेदर… ऑर’, ‘फ्रॉम… टू’, ‘बिट्वीन… अँड’. पहिल्या शब्दानंतर जे येतं, त्याच प्रकारचं दुसऱ्यानंतर यायला हवं. सगळ्यात जास्त विचारली जाते पहिली जोडी.

शी नॉट ओन्ली रोट नॉव्हेल्स बट ऑल्सो प्लेज.

‘नॉट ओन्ली’नंतर क्रियापद, ‘बट ऑल्सो’नंतर नाम. इथे मराठी मदतीला येते. वाक्य मनात मराठीत करा: तिने कादंबऱ्याच नव्हे, तर नाटकंही लिहिली. ‘च’ आणि ‘ही’ कुणाला चिकटले? कादंबऱ्यांना आणि नाटकांना. मग ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ त्यांच्याच अगदी पुढ्यात बसवा: ‘शी रोट नॉट ओन्ली नॉव्हेल्स बट ऑल्सो प्लेज.’ आपले ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला गोंदासारखे चिकटतात, जागा चुकवत नाहीत. सेंटेन्स करेक्शनमध्ये मराठी माणसाला फुकट मिळालेला हा एक फायदा, तो सोडू नका.

बाकीच्या जोड्यांत दोन गोष्टी बघायच्या. जोडीदार बदलला नाही ना: ‘बोथ… अ‍ॅज वेल अ‍ॅज’ चूक, ‘बिट्वीन १९९० टू २०००’ चूक. आणि शब्दयोगी शब्द कुठे बसलाय: ‘इन बोथ सायन्स अँड आर्ट’ किंवा ‘बोथ इन सायन्स अँड इन आर्ट’ चालतं, ‘बोथ इन सायन्स अँड आर्ट’ लंगडं.

तुलना हीही यादीच

‘दॅन’, ‘अ‍ॅज’, ‘लाइक’, ‘अनलाइक’ यांच्या दोन बाजूंनाही समांतर रचना लागते. शिवाय इथे नुसता प्रकार जुळून भागत नाही, वस्तूही तुलना होण्याजोगी हवी.

द पॉप्युलेशन ऑफ चायना इज लार्जर दॅन जपान.

‘चीनची लोकसंख्या जपानपेक्षा जास्त आहे’ हे आपण सर्रास बोलतो आणि ते खटकत नाही, म्हणून इंग्रजीतली चूकही सुटते. एका बाजूला लोकसंख्या, दुसऱ्या बाजूला अख्खा देश. ‘दॅन दॅट ऑफ जपान’ हवं. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’.

‘अनलाइक’ने सुरू होणाऱ्या वाक्यात स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता पाहा. ‘अनलाइक द ऑर्बिट ऑफ व्हीनस, विच इज नियरली सर्क्युलर, मर्क्युरी इज नोटिसेबली एलाँगेटेड.’ शुक्राच्या कक्षेची तुलना बुध या ग्रहाशीच झाली आणि बिचारा बुध लांबट ठरला. ‘दॅट ऑफ मर्क्युरी इज नोटिसेबली एलाँगेटेड’ केलं की कक्षा कक्षेसमोर येते. ‘लाइक’नंतर नाम, ‘अ‍ॅज’नंतर क्रियापद असलेलं उपवाक्य, हा फरकही इथेच विचारतात.

एक प्रश्न शेवटपर्यंत

ॲस्ट्रॉनॉमर्स बिलीव्ह दॅट युरोपा, अ मून ऑफ ज्युपिटर, हॅज अ सॉल्टी ओशन बिनीथ इट्स आइस, दॅट द ओशन होल्ड्स मोअर वॉटर दॅन ऑल ऑफ अर्थ्स ओशन्स डू, अँड इट मे बी एबल टू सपोर्ट लाइफ.

‘आइस’नंतरचा सगळा भाग अधोरेखित आहे असं धरा. पर्याय:

१. जसं आहे तसं.
२. दॅट द ओशन होल्डिंग मोअर वॉटर दॅन ऑल ऑफ अर्थ्स ओशन्स डू, अँड दॅट इट मे बी एबल टू सपोर्ट लाइफ.
३. विथ मोअर वॉटर दॅन ऑल ऑफ अर्थ्स ओशन्स, अँड दॅट इट मे बी एबल टू सपोर्ट लाइफ.
४. द ओशन होल्ड्स मोअर वॉटर दॅन ऑल ऑफ अर्थ्स ओशन्स डू, अँड मे बी एबल टू सपोर्ट लाइफ.
५. दॅट द ओशन होल्ड्स मोअर वॉटर दॅन ऑल ऑफ अर्थ्स ओशन्स डू, अँड दॅट इट मे बी एबल टू सपोर्ट लाइफ.

पर्याय बाजूला ठेवा. ‘अँड’च्या उजवीकडे ‘इट मे बी’, ‘दॅट’ नसलेलं पूर्ण उपवाक्य. डावीकडे दोन ‘दॅट’वाली उपवाक्यं. इथे वाद घालता येतो: ‘इट मे बी’ हे यादीबाहेरचं, लेखकाचं स्वतंत्र वाक्य का नसावं? मग उरलेल्या दोन ‘दॅट’ उपवाक्यांची यादी ‘अँड’शिवाय लोंबकळते. प्लास्टिकच्या पिशव्यांचीच गोष्ट. म्हणजे कोणत्याही बाजूने पहिला पर्याय बाद.

दुसऱ्यात ‘होल्डिंग’ला मागे आधार नाही, म्हणजे ‘दॅट द ओशन’ या उपवाक्याला क्रियापदच नाही. बाद. चौथ्यात ‘आइस’ आणि ‘द ओशन होल्ड्स’ यांच्यामध्ये दुवा नाही, नुसता स्वल्पविराम. बाद.

तिसरा मात्र हुशारीने घडवलाय. यादी आता दोनच उपवाक्यांची झाली, ‘दॅट युरोपा… अँड दॅट इट…’, आणि ती चोख समांतर आहे. नियम पाठ करून आलेला विद्यार्थी इथे थांबतो. पण ‘विथ मोअर वॉटर’ बसलंय ‘आइस’च्या शेजारी. जास्त पाणी कशात, बर्फात, समुद्रात की युरोपात, ते कळत नाही. आणि ‘इट’चा रोख आता युरोपाकडे वळला. मूळ वाक्यात जीवसृष्टीची शक्यता समुद्राबद्दल होती. रचना जुळली तरी अर्थ सरकला. उत्तर पाच.

तिसरा आणि पाचवा यांतून निवडायला जो वेळ लागतो, तोच या प्रश्नाचा खरा वेळ. बाकी तीन पर्याय वीस सेकंदांत जायला हवेत.

सराव कसा करावा

सुरुवातीचे पंधरा दिवस घड्याळ लावू नका. रोज दहाच प्रश्न घ्या, पण प्रत्येकाची खुंटी वहीत लिहून काढा आणि तिच्याखाली घटक एकेक करून मांडा. चुकलेल्या प्रश्नापुढे ‘समांतर रचना चुकली’ असं लिहून काही साधत नाही. ‘फाइन्स नाम समजलो’, ‘लीव्हिंग यादीत धरलं’, ‘आतल्या यादीचा अँड पाहिला नाही’ असं लिहा. महिन्याभरात दिसेल की आपण फार थोड्या ठिकाणी, पण तिथेच पुनःपुन्हा ठेचकाळतो. बरोबर आलेले प्रश्नही तपासा. उत्तर बरोबर पण कारण चुकीचं, असे प्रश्न परीक्षेत उलटतात.

दोन पर्याय उरले आणि दोन्ही समांतर असले तर आखूड पर्याय निवडा, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो फारसा पटत नाही. आखूड पर्यायात बहुधा तोच ‘दॅट’ किंवा ‘दोज ऑफ’ गळालेला असतो जो हवा होता. दोघांचे अर्थ मराठीत सांगून पाहा. जो मूळ वाक्याच्या आशयाशी इमान राखतो तो घ्या, लांब असला तरी.

आणि ‘जसं आहे तसं’ या पर्यायाला भिऊ नका. जीमॅटमध्ये पहिला पर्याय कायम मूळ वाक्यच असायचा आणि कित्येकदा तेच उत्तर असायचं. वर सांगितलेली पायरी-पायरी करून काही चुकीचं सापडलं नाही, तर वादळाच्या वाक्यातलं ते ‘लीव्हिंग’ आठवा आणि वाक्याला हात न लावता पुढच्या प्रश्नाकडे वळा.